कागदावर बागलाण, तोंडात सटाणा : डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी या तालुक्याकडून काय शिकावं?

सटाण्याचा एखादा पोरगा पुण्यात बसून सरकारी पोर्टलवर फॉर्म भरत असतो. राज्य महाराष्ट्र, जिल्हा नाशिक, इथपर्यंत सगळं सुरळीत. मग तालुक्यांची यादी उघडते आणि तो सरळ 'स'वर जातो. सिन्नर सापडतं, सुरगाणा सापडतं, सटाणा काही सापडत नाही. दोन वेळा यादी खालीवर केल्यावर डोक्यात प्रकाश पडतो की, अरे, आपला तालुका कागदावर बागलाण आहे. 'ब'मध्ये बघायला हवं होतं.

तालुक्याचं नाव बागलाण आणि मुख्य ठिकाण सटाणा. विधानसभा मतदारसंघ बागलाण, नगरपरिषद मात्र सटाण्याची. बागुल राजांचा मुलूख म्हणून इतिहासाच्या पुस्तकात बागलाण, साल्हेर-मुल्हेर बघायला जाणाऱ्या ट्रेकर मंडळींच्या तोंडी बागलाण, आणि लाल कांद्याचा आजचा भाव विचारणाऱ्याच्या तोंडी सटाणा. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा मिळून 'कसमादे' होतं, त्यातही 'स'च आहे, 'ब' नाही.

माणसाला यात काहीच अडचण येत नाही. अडचण येते ती कॉम्प्युटरला, आणि त्याच्यामागे बसलेल्या दोन जणांना. एक म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारा डेव्हलपर, आणि दुसरा त्यातली माहिती जपणारा डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर. हे दोघं जे शिकलेले असतात ते सगळं पुस्तकात नीटनेटकं असतं. बागलाणात आल्यावर मात्र त्याचा कस लागतो. कसा, ते बघू.

समजा, एका खात्याकडे पेरणीची यादी आहे, तिच्यात तालुक्याचं नाव 'बागलाण'. दुसऱ्या खात्याकडे बाजारातल्या आवकेची यादी आहे, तिच्यात 'सटाणा'. डेव्हलपरने दोन्ही याद्या तालुक्याच्या नावावर जोडल्या, तर उत्तर काय येईल? बागलाणात कांदा पेरला पण विकला शून्य क्विंटल, आणि सटाण्यात विकला पण पेरलाच नाही. कॉम्प्युटर कुठलीही चूक दाखवणार नाही, लाल अक्षरात काही येणार नाही, रिपोर्ट छान रंगीत आलेखासकट तयार होईल. नावावर जोडणी करण्यातला खरा धोका हाच की ती चुकली तरी गप्प राहते.

उपाय साधा आहे आणि तो सरकारनेच करून ठेवलाय. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाची 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' नावाची यादी आहे. तिच्यात देशातल्या प्रत्येक राज्याला, जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला एक क्रमांक दिलाय. दोन याद्या जोडायच्या तर त्या क्रमांकावर जोडायच्या. नाव हे फक्त माणसाला दाखवण्यापुरतं. एका क्रमांकाला चार नावं असू शकतात हे मान्य करून त्या नावांचं वेगळं टेबल ठेवलं, की शोधपट्टीत कुणी 'सटाणा' लिहिलं तरी समोर बागलाण येतं. पुण्यातल्या त्या पोराचे दोन मिनिटं वाचतात, हा वरचा फायदा.

नाव ओळख म्हणून वापरलं की काय होतं याचा अनुभव महाराष्ट्रातल्या कित्येक ऑफिसांनी अलीकडेच घेतलाय. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्यांच्या टेबलात जिल्ह्याचा क्रमांक होता, त्यांनी एका जागी नाव बदललं आणि चहा प्यायला गेले. ज्यांच्याकडे प्रत्येक ओळीत जिल्ह्याचं नावच भरलेलं होतं, त्यांच्याकडे एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. पत्त्यात जुनं, दाखल्यावर नवं, आणि मधे अर्जदार.

क्रमांक लावला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. बागलाणाला लागून असलेला देवळा तालुका १९९९ मध्ये आजूबाजूच्या तालुक्यांतली गावं काढून तयार झाला. त्यामुळे कसमादे पट्ट्यातल्या एखाद्या तालुक्याचे १९९१ च्या आणि २००१ च्या जनगणनेचे आकडे शेजारी ठेवायचे, तर आधी हद्द तीच होती का ते बघावं लागतं. नाहीतर लोकसंख्या घटली म्हणून कुणीतरी स्थलांतरावर लेख लिहून मोकळं होतं. म्हणून गाव कुठल्या तालुक्यात, याच्यापुढे 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन रकाने हवेत. हे दोन रकाने बहुतेक जण पहिल्या दिवशी टाळतात आणि पाचव्या वर्षी रडतात.

हे झालं जागेचं. माणसाच्या नावाची गोष्ट याहून अवघड आहे.

सटाणा भागात सोनवणे, भामरे, देवरे, आहेर, अहिरे, खैरनार, बच्छाव ही आडनावं गल्लोगल्ली सापडतात. देवनागरीत सोनवणे हे एकच, पण इंग्रजी स्पेलिंगला आले की त्याचे चार-पाच प्रकार होतात. कुठे 'व' साठी डब्ल्यू, कुठे व्ही, कुठे मधला ए आहे, कुठे नाही. देवरेंचं तर बँकेत एक, आधारवर दुसरं आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरं असू शकतं. माणूस तोच.

आता डेव्हलपर काय करतो, तर थोडाफार फरक चालवून घेणारी जुळवणी लावतो. अक्षरं बऱ्यापैकी जुळली की माणूस एकच समजायचा. सोनवण्यांचं काम होऊन जातं. पण मग आहेर आणि अहिरे? इंग्रजीत लिहिले तर एक-दोन अक्षरांचाच फरक राहतो, आणि ही दोन वेगळी आडनावं आहेत, वेगळी कुटुंबं. पहिलं नाव आणि वडिलांचं नाव योगायोगाने सारखं निघालं, की सॉफ्टवेअर दोघांची खाती एक करून टाकतं. एकाला दोन वेळा पैसे आणि दुसऱ्याला 'आपणांस यापूर्वीच लाभ मिळाला आहे' असा मेसेज. जुळवणी ढिली केली की दोन माणसांचा एक होतो, घट्ट केली की एकाचे दोन होतात. त्यामुळे अशा जुळवणीने फक्त शंकास्पद जोड्यांची यादी काढायची आणि निर्णय माणसाने घ्यायचा, एवढंच तिचं काम ठेवणं बरं.

मग सगळं देवनागरीतच ठेवलं तर? चांगली कल्पना आहे, पण तिथे वेगळाच खड्डा आहे. 'शेतकऱ्यांची' हा शब्द घ्या. सरकारी यादीत याच्याइतका वापरला जाणारा शब्द नसेल. यातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाईप होतो. एका पद्धतीत खाली टिंब असलेलं 'ऱ' हे अक्षर वापरतात. दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', मग हलंत, मग एक न दिसणारं जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड आहे त्यावर ते ठरतं. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे दिसतात. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. 'ॲड.' मधल्या 'ॲ'चंही तसंच. तो एक अख्खं अक्षर म्हणूनही येतो आणि 'अ'वर चंद्र ठेवूनही येतो. युनिकोडची जी नेहमीची सरळीकरणाची सोय बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत मिळते, ती या दोन्ही जोड्या एक करत नाही. मराठीसाठी आपला छोटा नियम आपणच लिहून ठेवावा लागतो आणि माहिती आत घेतानाच तो लावावा लागतो.

त्यात जुन्या फाईली म्हणजे आणखी वेगळं प्रकरण. युनिकोड सर्रास होण्याआधी ऑफिसांमध्ये मराठी टाईप व्हायचं ते खास फॉन्टमध्ये. स्क्रीनवर 'सटाणा' दिसायचं, पण फाईलमध्ये साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढला की उरतो कचरा. अशी माहिती नव्या डेटाबेसमध्ये जशीच्या तशी ओतली तर ती आत जाते, चूक दाखवत नाही, आणि काही वर्षांनी कुणालाच वाचता येत नाही.

आणि जागेचा हिशेब. इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो, देवनागरीला युटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन. 'सटाणा' या शब्दात काने धरून पाच खुणा आहेत, म्हणजे पंधरा बाईट. इंग्रजीत 'सटाणा' सहा बाईटमध्ये बसतं. काही डेटाबेस रकान्याची लांबी अक्षरांत मोजतात, काही मुळात बाईटमध्ये. चाचणी इंग्रजी नावांवर केली आणि गाडी सटाण्याला पाठवली, की लांब नावाचा शेतकरी अर्ध्यात कापला जातो किंवा त्याचा अर्जच आत जात नाही. मायएसक्यूएलमध्ये 'युटीएफ-८' नावाने जे बरीच वर्षं मिळत होतं ते जास्तीत जास्त तीनच बाईटचं होतं. मराठी त्यात मावते, इमोजी मावत नाही. तक्रारीच्या रकान्यात कुणी हात जोडल्याचा इमोजी टाकला की तक्रारच नोंद व्हायची नाही.

इथपर्यंत अक्षरांचं झालं, आता आकड्यांकडे या. शेतकऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे सातबारा. आता हाच '७/१२' एक्सेलच्या चौकटीत टाईप करून बघा. एंटर मारलं की त्याची तारीख होते. सेटिंग भारतीय असेल तर ७ डिसेंबर, अमेरिकन असेल तर १२ जुलै. सातबारा असा आपोआप दिवाळीनंतर किंवा पावसाळ्यात जाऊन पडतो यात गंमत आहे, पण गट नंबर '१२/२' असेल आणि त्याची १२ फेब्रुवारी झाली तर गंमत संपते. कारण एक्सेल आतमध्ये ती तारीख एक आकडा म्हणून साठवतं. मूळ काय लिहिलं होतं ते गेलेलं असतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. माणसाच्या जनुकांना शास्त्रज्ञांनी दिलेली काही छोटी नावं इंग्रजी महिन्यांसारखी होती, 'मार्च १', 'सप्टें. १' या धर्तीची. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं आणि संशोधनाच्या फाईली बिघडायच्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. जगभरचे शास्त्रज्ञ एक्सेलपुढे हरले, तिथे तालुक्याच्या ऑफिसातल्या ऑपरेटरने काय करावं?

त्याने एक करावं. गट नंबर, खाते नंबर, आधार नंबर, मोबाईल नंबर हे 'आकडे' नाहीतच, ही आकड्यांनी लिहिलेली नावं आहेत, असं समजून तो रकाना आधीच टेक्स्ट म्हणून ठरवावा. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नाही, ही खूण पुरते. आकडा म्हणून ठेवलं तर सुरुवातीची शून्यं गळतात. एक्सेल पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं, म्हणजे सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक गेला. बारा अंकी आधार नंबर तर साध्या चौकटीत पूर्ण दिसतच नाही, '१.२३ ई+११' अशा थाटात दिसतो. तशीच फाईल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच साठतं, आणि सुरुवातीचे अंक सारखे असलेल्या सगळ्या लोकांचा आधार नंबर एकच होऊन बसतो.

खरं मोजमाप असलेला आकडा म्हणजे जमिनीचं क्षेत्र. तिथेही सांभाळून. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमाने असतं. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. एक हेक्टर पाच आर हे दशांशात १.०५ होतं. पण घाईत कुणी '१.५' लिहिलं, तर झाले एक हेक्टर पन्नास आर. फरक पंचेचाळीस आरचा, म्हणजे एकरभरापेक्षा जास्त जमीन एका शून्यापायी वाढली. त्यात शेतकरी बोलणार एकर-गुंठ्यात. म्हणून आत चौरस मीटरमध्ये पूर्णांक साठवावा आणि दाखवताना समोरच्याला जे कळतं त्यात दाखवावं.

आता ही सगळी दुखणी एकत्र आली आणि लाखो लोकांच्या पैशांचा प्रश्न त्यांच्यावर उभा राहिला, तेव्हा काय झालं? त्यासाठी महाराष्ट्राने पाहिलेल्या दोन कर्जमाफ्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. राजकारण बाजूला ठेवू, ते ज्याचं त्याने करावं. फक्त माहिती कशी गोळा केली तेवढं बघू.

२४ जून २०१७ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. आकडा होता ३४ हजार २२ कोटी रुपयांचा, दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ होणार होती. लाभ योग्य माणसालाच मिळावा म्हणून ऑनलाईन अर्ज मागवले. सेवा केंद्रांवर रांगा लागल्या, सर्व्हर दमले, तरी पन्नास लाखांहून जास्त अर्ज आले. १८ ऑक्टोबरला ऐन दिवाळीत मुंबईत कार्यक्रम होऊन काही शेतकऱ्यांना प्रमाणपत्रंही दिली गेली. आणि मग यादीतले घोळ बाहेर यायला लागले. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावं, खात्यांचे तपशील जुळत नाहीत, अशा तक्रारी खुद्द बँकांकडून आल्या. याद्या पुन्हा तपासायला घ्याव्या लागल्या आणि पैसे खात्यावर यायला वेळ लागत गेला. मधल्या काळात शेतकरी सोसायटीच्या सचिवाकडून बँकेत आणि बँकेतून सेवा केंद्रात. नवीन पीककर्ज हवं तर जुनं खातं बेबाक पाहिजे, आणि ते तर यादीत अडकलेलं.

यात एक मुळातली अडचण होती, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. योजनेचा लाभ 'कुटुंबाला' होता, म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. पण कुटुंब नावाची गोष्ट कुठल्याच डेटाबेसमध्ये साठवलेली नव्हती. बँकेकडे खातेदार असतो, सातबाऱ्यावर खातेदार असतो, आधारवर व्यक्ती असते, आणि रेशनकार्डावरचं कुटुंब म्हणजे वेगळंच, त्यात सासू-सासरे आणि दीरही असतात. मग कुटुंब अर्जातून बांधायचं, अर्ज भरणार रांगेतला शेतकरी, टाईप करणार केंद्रावरचा घाईतला ऑपरेटर, आणि ते जुळवायचं बँकेने दिलेल्या दुसऱ्याच यादीशी. दोन वेगळ्या हातांनी भरलेल्या दोन याद्या आणि मधे टाईप केलेले आकडे. यात चूक झाली नसती तरच नवल.

डेटाबेसवाल्यांना इथे लगेच सुचतं की आधारच्या रकान्यावर 'युनिक'ची अट घातली असती तर एकच नंबर दुसऱ्यांदा आत गेलाच नसता. अर्धं बरोबर आहे. पण एकाच शेतकऱ्याचं सोसायटीमार्फत पीककर्ज असतं आणि राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतकर्जही असतं. कर्जखात्यांच्या टेबलात आधार दोनदा येणं अगदी योग्य आहे. तिथे अट घातली तर खऱ्या माणसाचं दुसरं खातं बाहेर राहील. अट हवी ती माणसांच्या टेबलात, आणि खाती त्या माणसाला जोडलेली हवीत. एका मोठ्या एक्सेल पट्टीत माणूस, कुटुंब, खातं आणि रक्कम सगळं शेजारी शेजारी भरलं, की अट घालायला जागाच उरत नाही.

दुसरी सोय फुकटात मिळते. आधारचा शेवटचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला तपासणीचा अंक आहे. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर फॉर्म जागेवरच 'नंबर चुकला' म्हणू शकतो, इंटरनेटशिवायसुद्धा. अर्थात नंबर बरोबर असणं आणि तो याच माणसाचा असणं यात फरक आहे. चूक खिडकीत पकडली तर ती दोन मिनिटांत सुटते, तीच मंत्रालयात पकडली तर सहा महिने जातात.

मग डिसेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे सरकारने महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आणली, दोन लाखांपर्यंतच्या थकबाकीची. यावेळी रचना उलटी केली. शेतकऱ्याने अर्जच करायचा नव्हता. कर्ज किती आहे हे ज्याला पक्कं माहीत, त्या बँकेनेच आधार जोडलेल्या खात्यांची माहिती पोर्टलवर भरायची. त्यातून निघालेली यादी गावात लागणार, प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळणार. तो क्रमांक, आधार आणि पासबुक घेऊन शेतकऱ्याने केंद्रावर जायचं. स्क्रीनवर नाव आणि रक्कम दिसेल. मान्य असेल तर अंगठा, आणि मान्य नसेल तर तशी तक्रार तिथेच नोंदवायची, ती जिल्ह्याच्या समितीकडे जाणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळ्या राज्याची यादी एकदम सोडली नाही. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी आली ती फक्त ६८ गावांची, जवळपास प्रत्येक जिल्ह्यातली दोन-दोन गावं, नावं १५ हजार ३५८. आधी तेवढ्यावर सगळं चालवून बघितलं, मग पुढच्या याद्या. पुढे महिन्याभरात कोरोना आला आणि तो भाग वेगळा. सगळ्यांचं समाधान झालं असंही नाही, नियमित कर्ज भरणाऱ्यांची नाराजी तर बरेच दिवस गाजली. पण ती धोरणाची तक्रार होती, यादीची नव्हती.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने या दोन्हींतून काय घ्यावं? माहिती ज्याच्याकडे मुळात आहे त्याच्याकडूनच घ्यावी, पुन्हा टाईप करायला लावू नये. ज्याच्याबद्दलची ओळ आहे त्याला ती पैसे सुटायच्या आधी दाखवावी. 'हे चूक आहे' असं म्हणण्याचं बटण पहिल्या दिवसापासून द्यावं, आणि चूक सुधारताना जुनी ओळ पुसू नये. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद शेजारी राहिली पाहिजे. तलाठी फेरफार करताना जुनं नाव कंस करून ठेवतात, खोडरबरने पुसत नाहीत. महसूल खात्याला ही गोष्ट कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

आता कांद्याकडे येऊ, कारण सटाण्यात येऊन कांद्यावर न बोलता जाणं बरं दिसत नाही. २०२३ च्या सुरुवातीला लाल कांद्याचे भाव पडले. सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च दरम्यान विकलेल्या लेट खरीप कांद्याला, ज्याला शेतकरी रांगडा म्हणतात त्याला, क्विंटलमागे ३५० रुपये आणि जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत अनुदान दिलं. अट अशी की सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली होती २०२१ मध्ये. कित्येकांनी ती केलीच नव्हती. कुणाकडे तसा फोन नव्हता, कुणाच्या शेतात रेंज नव्हती, कुणाला गरज वाटली नव्हती. कांदा पिकला होता, बाजार समितीत विकला होता, विक्रीची पट्टी हातात होती. पण सातबाऱ्यावर कांदा नव्हता, आणि म्हणून अनुदानही नव्हतं.

डेटाबेसच्या भाषेत याला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही आणि रिकामंही नाही. नल म्हणजे 'नोंद नाही'. 'कांदा नाही' आणि 'कांद्याची नोंद नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नवख्या डेव्हलपरचा पाय सगळ्यात जास्त इथेच घसरतो. एसक्यूएलमध्ये 'ज्यांचं पीक कांदा आहे' अशी यादी मागितली तर नलवाले येत नाहीत, हे कुणालाही पटेल. पण 'ज्यांचं पीक कांदा नाही' अशी मागितली तरी ते येत नाहीत! दोन्ही याद्यांची बेरीज केली तर गावातले खातेदार कमी भरतात. जे दोन्हीकडे नाहीत ते कुठे गेले हे कुणी विचारत नाही, कारण ते कुठल्याच कागदावर दिसत नाहीत. म्हणून अशा कामात तिसरी यादी मुद्दाम काढावी लागते, नोंदच नसलेल्यांची, आणि तिच्यावर एखाद्या माणसाला बसवावं लागतं.

शेवटी झालं तेच. नोंदीची अट शिथिल झाली आणि गावपातळीवर तलाठी, कृषी सहायक वगैरेंच्या समितीने खात्री करून द्यायची असं ठरलं. नलच्या जागी काय भरायचं हे प्रोग्रामने ठरवलं नाही, शेतात जाऊन आलेल्या माणसाने ठरवलं.

आता शेवटचा मुद्दा हिशेबाचा. सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं मंदिर आहे, दरवर्षी मोठी यात्रा भरते. यशवंतराव भोसेकर हे इंग्रजांच्या काळात इथले मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातले पैसे उपाशी लोकांना वाटून टाकले. चौकशीला वरिष्ठ आले, तिजोरी मोजली, तर रक्कम पूर्ण भरली, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

देवमामलेदारांच्या गावात सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी मात्र हिशेब आपोआप जुळेल या भरवशावर राहू नये. बाजार समितीत एका ट्रॅक्टरमागे किती नोंदी होतात बघा. गेटवरची आवक, लिलावाचा भाव, काट्यावरचं वजन, हमाली-तोलाई, बाजार फी, व्यापाऱ्याच्या नावावर येणं आणि शेतकऱ्याला देणं. यातल्या चार नोंदी झाल्या आणि लाईट गेली तर? डेटाबेसमध्ये या सगळ्या नोंदी एका 'ट्रान्झॅक्शन'मध्ये बांधता येतात. झाल्या तर सगळ्या होतील, नाहीतर एकही होणार नाही. नेट अडकलं म्हणून ऑपरेटरने बटण दोनदा दाबलं तर दोनदा पैसे जाऊ नयेत, यासाठी प्रत्येक पट्टीला गेटवरच एक क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकाचे पैसे एकदाच सुटतील अशी अट घालायची. आणि रोज संध्याकाळी काट्यावरचं एकूण वजन आणि पट्ट्यांवरचं एकूण वजन शेजारी ठेवून बघायचं, त्याच दिवशी. महिन्याने फरक शोधायचा म्हणजे चाळीतला एक सडका कांदा वासावरून शोधण्यासारखं आहे.

राहता राहिला बॅकअप. 'आमच्याकडे रोज बॅकअप होतो' हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकायला मिळतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या जगभरचे प्रोग्रामर वापरतात त्या कंपनीत एका इंजिनिअरने रात्री काम करताना चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपचे एक-दोन नव्हे, पाच मार्ग होते. बघायला गेले तर कुठला नीट लागलेलाच नव्हता, कुठला अपयशी होत होता आणि त्याच्या सूचनेचे ईमेलही पोचत नव्हते. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती म्हणून निभावलं, मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या. त्या कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवलं, म्हणून ते आज शिकायला मिळतं.

तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या ॲडमिनिस्ट्रेटरला यासाठी महागडं काही लागत नाही. महिन्यातून एक रविवार काढायचा, आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्याच एका मशीनवर उघडायचा आणि किती वेळ लागला ते वहीत लिहायचं. मग त्या प्रतीत आपल्या ओळखीच्या चार नोंदी काढून बघायच्या. आहेर आहेरच आहेत ना, अहिरे अहिरेच ना. गट नंबर १२/२ ची तारीख तर झाली नाही ना. आणि 'शेतकऱ्यांची' हा शब्द जसाच्या तसा वाचता येतोय ना. कारण अक्षरांची सेटिंग चुकली तर मराठी रकान्यांत नुसती प्रश्नचिन्हांची रांग उरते, आणि त्या प्रश्नचिन्हांवरून मूळ नाव परत काढता येत नाही.